पाहणाऱ्यांचे उपास

भाट्ये, रत्नागिरी
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

सिपू,

शालोम. तुझा नवा गुडघा काय म्हणतो? तो बसवून घेतल्यापासून तू फोनवर जास्तच ओरडायला लागली आहेस, पण मला तरीही 'हॅलो'च्या पुढचं काही कळत नाही. कानाचं यंत्र कपाटात आहे आणि तिथे ते सुखात आहे. तेव्हा पत्रच बरं. पत्र ओरडत नाही.

गुरुवारी एलियाहू हान्नाबीच्या नावाने प्रसादाचा मलिदा केला. मुंबईहून आपलं कोणी येणार नाही हे ठाऊकच होतं. इस्राएलहून, अश्दोदहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला, त्याने तिकडून हात जोडले, मी इकडून जोडले, झालं. पण माझी एस्तेर गेल्यापासून एकदाही मी मलिदा चुकवलेला नाही. शेजारच्या सोनूबाईने पोहे भिजवले, खोबरं खवलं, भिकाजीने केळी आणली, त्याचा भाऊ धाकू माडावरून शहाळी घेऊन उतरला. त्यांची आई गंगुबाई तर सगळ्यांच्या आधी येऊन पाटावर बसली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून म्हातारी अजून आपल्याला शनवार तेलीच म्हणते. आपला घाणा आज्याच्याही आधी बंद पडला, हे तिला कोण समजावणार! पोह्यांत वेलची जरा जास्त झाली होती, पण कोणी काही बोललं नाही.

एक सांगायचं राहिलं. सेफेर ज्यात ठेवतो त्या हेखालच्या लाकडाला वाळवी लागली आहे. खालची फळी दाबली की बोट आत जातं. म्हणून मलिदा आटोपल्यावर सेफेर तिथून काढून आईच्या लोखंडी कपाटात ठेवायला घेतलं आणि उंबऱ्यापाशी ते हातून सुटलं. पेटीचा एक कोपरा चेपला आहे, आतलं चामडं शाबूत आहे. भिकाजीने वाळवीचं औषध आणून दिलं, त्याचा वास मात्र घरभर भरला आहे. दारं उघडी टाकून बसलो आहे.

बाकी ठीक. खाडीवर बोय मासळी चांगली मिळते सध्या. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
एझ्रा

·

ठाणे
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दादा,

पत्र ओरडत नाही म्हणतोस? मग हे वाचायच्या आधी कानात कापूस घाल.

अरे, पोह्यांना चार ओळी, वाळवीला तीन, आणि सेफेर पडलं त्याला अर्धी? तोरा पडली, आपल्या घरातला धर्मग्रंथ! बाबा ज्याला हात लावायच्या आधी दोनदा हात धुवायचे, चामड्यावरची अक्षरं फिकी होऊ नयेत म्हणून जे पावसाळ्यात दुलईत गुंडाळून ठेवायचे, ते आपलं सेफेर. आणि तू ते वेलची आणि बोयींच्या मधे दडपून लिहितोस. मी तुझी धाकटी बहीण आहे, पोस्टमन नाही.

तू ते असं का लिहिलंस तेही मला कळलं आहे. नियम मलाही पाठ आहे. सेफेर ज्याच्या हातून पडेल त्याने चाळीस उपास धरायचे, आणि ज्यांनी पडताना पाहिलं त्यांनीही. उजाडल्यापासून तारे दिसेपर्यंत, पाण्याचा थेंबही नाही. आपली माणसं गावोगाव असायची तेव्हा ते चाळीस वाटून घेत, कोणी एक, कोणी दोन. आता भाट्यात वाटून घ्यायला तुझ्याशिवाय आपलं आहे कोण? म्हणजे तू मनातल्या मनात सगळे स्वतःच्या नावावर लावून मोकळा झाला असशील. ओळखते मी तुला. खरं सांग, धरलेस ना?

दादा, तू शहात्तर वर्षांचा आहेस. दोन वेळा पोटात इन्सुलिन टोचून घेतोस. गणपतीत साखर उतरून तू नाक्यावर कोसळलास तेव्हा डॉक्टर मला काय म्हणाले ते मी तुला आजवर सांगितलं नाही, आज सांगते. ते म्हणाले, पुढच्या वेळी हे शुद्धीवर येतीलच असं नाही.

मी इथल्या सिनेगॉगमध्ये जाऊन प्रार्थना चालवणाऱ्या हझान नथनभाईंना विचारून आले, काठी टेकत. ते म्हणाले, आजारी माणसाने उपास धरणं हे पुण्य नाहीच, जीव धोक्यात घालायला तोरेची परवानगी नाही, त्याऐवजी रोज थोडा तोरेचा अभ्यास करावा. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. माझे शब्द याहून वाईट आहेत.

उलट टपाली कळव. डॉक्टरने मला दोन महिने प्रवास करू नका म्हटलंय, नाहीतर हे पत्र घेऊन मीच आले असते.

सिपोरा

·

भाट्ये
मंगळवार, २५ फेब्रुवारी

सिपू,

शालोम. तुझं पत्र काल पोचलं. पोस्टमनने ते लांब धरूनच दिलं.

नथन हझान झाला याचा मला आनंद आहे. त्याच्या बापाला अलेफ-बेथची मुळाक्षरं आपल्या बाबांनी शिकवली, आणि तो रेश आणि दालेथ या दोन अक्षरांत शेवटपर्यंत गोंधळत असे, हेही नथनला माझा शालोम देऊन सांग. मी आजारी नाही. मला साखर आहे. ती निम्म्या रत्नागिरीला आहे. नियम आजाऱ्याला लागू नाही, मला लागू आहे, कारण हात माझे होते. शब्द लपवून लिहिले म्हणतेस, तर उघड लिहितो. पडल्याचा आवाज मला, या असल्या कानांनाही, अजून ऐकू येतो. रात्री कूस बदलली की येतो. पाच पिढ्यांनी धरलं आणि माझ्या हातून सुटलं, सिपू. त्याचं काहीच करायचं नाही, अभ्यास करायचा आणि चहा प्यायचा, असं मला जमणार नाही.

पण तू काळजी करू नकोस. काल संध्याकाळी उपास सोडला. बोयींचं सार आणि भात असा पोटभर जेवलो, आणि सोनूबाईने दिलेलं पपनस खाल्लं. आता तरी रक्तदाब वाढवून घेऊ नकोस.

हेखालची फळी भिकाजीने काढून टाकली. नवी फणसाची घालतो म्हणाला.

एझ्रा

·

ठाणे
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दादा,

सोडलास! अरे देवा, सोडलास एकदाचा!

पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सून स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं पडले. म्हटलं, पडले नाही, उभी राहिले. तुझं काय, तू 'पोटभर जेवलो' असं लिहायला आयुष्यात कधी तयार झाला नव्हतास, आईने तीनदा विचारलं तरी 'ठीक' म्हणायचास. तेव्हा ते वाक्य मी तीनदा वाचलं.

तुझं दुःख मला कळत नाही असं समजू नकोस. मी मागच्या पत्रात फार बोलले. पण मला तूच उरला आहेस रे. मला 'सिपू' म्हणणारं आता जगात दुसरं कोणी नाही. बाकी सगळ्यांची मी आत्या, आजी नाहीतर अष्टमकर बाई.

नथनभाईंना तुझा निरोप सांगितला. ते हसून म्हणाले, रेश आणि दालेथमध्ये मीही गोंधळतो, वारसा आहे. पेसाहचा सण झाला की येऊन सेफेरची एकेक ओळ तपासून देतो म्हणाले.

आज शब्बाथ लागायच्या आधी दोन दिवे जास्त लावते. तुझ्या नावाने.

सिपू

·

भाट्ये
सोमवार, ३ मार्च

सिपूताईस सोनूबाईचा नमस्कार.

मी कागद लिवतंय ह्या काकांना म्हाईत नाय. तुमचा पत्ता पाकिटाच्या मागनं उतरून घेतला. चुकलामाकला माफ करा, शाळा सातवीपर्यंत हाय.

ताई, काका उपास सोडतात ता रोज सांजच्याला. सकाळी परत धरतात. शनिवार सोडला तर एक दिवस खाडा नाय. तुमाला त्यांनी काय लिवलानी ता मला ठाव नाय, पन तुमचा कागद आला त्या दिवशी ते माझ्याकडं बगून हसले नि म्हनाले, "सोनू, मी खोटा काय बोललेलो नाय." खरा बोललेला मानूस असा सांगत फिरत नाय.

परवा विहिरीवर पानी काडताना बसले ते उटेनात. घामान भिजलेले. मी साखरपानी नेला तर दात मिटून घेतलानी. म्हनाले, तारे दिसूं देत. मी म्हनला, काका, तारे तुमच्या डोल्यांपुडं दिसतायत ते दिसतायत, आनकी कसले बगायचे? तरी पन घेतला नाय. शेवटी भिकाजीन उचलून आनला नि ओटीवर झोपवला. इंजेक्शन मनान कमी केलानी, म्हनून वाचले. डाक्टरला बोलवू नको म्हनून मला शपत घातलानी. ती मी मोडली. डाक्टर ओरडून गेला, पन काकांचे कान तुमाला ठाव हायत.

मंग मी रागान इचारला, ह्यो कसला उपास? तवा नीट सांगितलानी. म्हनाले, पाडनाऱ्यान धरायचा, नि बगनाऱ्यान बी धरायचा. मी म्हनला, मंग बगनारे आमी होतो की! मी, भिकाजी, धाकू. आमच्या डोल्यांदेखत पडला ता. आमचे उपास कुठायत? तर म्हनाले, "तुमचा वेगला हाय सोनू."

ताई, मला ता लागला. वीस वर्षां मलिद्याचा नाराल मी खवतंय. तुमची एस्तेरवयनी गेली तवा तिच्या उशाशी मी बसलंय. मलिद्याला एक, नि उपासाला तेवढा वेगला?

तर मला येवढाच कलवा. बगनाऱ्यान धरायचा हे खरा की काका मला बनवतायत? आनि पानी चालता की नाय? आमच्यात साबुदाना चालता.

सोनूबाई

·

ठाणे
गुरुवार, ६ मार्च

दादा,

'उपास सोडला.' वा!

सत्तर वर्षं मी मराठी बोलते आहे आणि त्या दोन शब्दांत तू मला उल्लू बनवलंस. सोडला, म्हणजे संध्याकाळी सोडला! सकाळी पुन्हा धरायला! आणि वर मी दिवे लावले, आणि सुनेला पेढे आणायला पाठवलं, आणि हझानला जाऊन सांगून आले की माझा भाऊ शहाणा झाला. खोटं बोलला असतास तर परवडलं असतं. तू तर शब्द निवडून निवडून खरं बोललास. वकील व्हायचास तू. उगाच शाळेत गणित शिकवलंस.

मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. विहिरीचंही मला कळलं आहे.

आता मी चिडत नाही, नुसतं सांगते. बाबा सेफेर जपायचे कारण त्यांना ते वाचायचं होतं. तू मेलास तर ते उघडणारं त्या घरात कोणी नाही. मग ते लोखंडी कपाटातच राहील, आणि ते जमिनीवर पडण्यापेक्षा वाईट आहे. तू मेलास तर मी काय करू, हे मी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर तुझ्याकडे नसेल.

जेव रे दादा. मी पाया पडते.

सिपू

·

ठाणे
गुरुवार, ६ मार्च

सोनूबाईस सिपोराचा शालोम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी रडले. आधी रागाने आणि मग दुसऱ्याच कशाने. डॉक्टरला बोलावलंस ते उत्तम केलंस. शपथेचं पाप माझ्यावर.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. होय. बघणाऱ्यानेही धरायचा, असंच आम्हाला शिकवलं आहे. दादा तुला बनवत नव्हता. आणि चाळीस असले तरी माणसं जास्त असली की वाटून घेतात, एकट्याने सगळे ओढायचे नसतात. पाणी चालत नाही. साबुदाणा तर मुळीच नाही.

माझा भाऊ माझं ऐकत नाही, हझानचं ऐकत नाही, डॉक्टरचं तर त्याला ऐकूच येत नाही. नियमाचं मात्र तो ऐकतो. आता नियम काय तो मी तुला सांगितला. पुढचं तू शहाणी आहेस.

सिपोरा

·

ठाणे
सोमवार, १० मार्च

सोनूबाई,

हे पत्र मागच्या पत्राच्या पाठोपाठ घाईने टाकते आहे. आधी हे वाच.

मी काय लिहिलं ते नथनभाईंना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, बाई, आपले नियम आपल्याला, शेजाऱ्यांना त्यातलं काहीही बांधत नाही, आणि तुम्ही भर मार्चमध्ये लोकांना पाण्याशिवाय बसवताय? खरं तर हे मलाही ठाऊक होतं. मी मुद्दामच लिहिलं नाही. मला वाटलं, तू नुसतं म्हणशील आणि दादा घाबरेल. पण मग रात्री आठवलं की दादाच्या पहिल्या पत्रात गंगुबाईसुद्धा मलिद्याला आली होती असं होतं. सेफेर पडलं तेव्हा ती घरी गेली होती ना? गेलीच असेल. तिला यातलं काही कळू देऊ नकोस. आणि भिकाजीला होडीवर जायचं असतं, धाकू माडावर चढतो. तुम्ही कोणीही काहीही धरू नका. माझी अक्कल गुडघ्यात होती, आणि तो गुडघाही बदलून टाकला.

ताबडतोब कळव.

सिपोरा

·

भाट्ये
रविवार, १६ मार्च

सिपू,

शालोम. मी जेवतो आहे. तिन्ही वेळा, उन्हात, लोकांसमोर. हे आधी लिहितो कारण तू पत्र उभ्यानेच वाचत असशील. आता बस. उपास बंद झाले, म्हणजे संध्याकाळपुरते नव्हेत, कायमचे. वाक्य नीट वाचून घे, यात कोणतीही खोच नाही. साखर काल शहरात जाऊन तपासली. डॉक्टर ओरडला नाही, त्यामुळे मला पहिल्यांदाच त्याचं सगळं ऐकू आलं.

तुझ्यावर मी रागावलो आहे, तेही लिहून टाकतो. सोनूबाईच्या नावचं तुझं दुसरं पत्र, घाबरलेलं, गुरुवारी आलं, तोवर सगळं होऊन गेलं होतं. पहिलं मात्र वेळेवर पोचलं. मंगळवारी सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो तर भिकाजी अंगणात बसलेला. या वेळेला त्याचा दुसरा चहा झालेला असतो.

"चहा?" म्हटलं.

"नाय. धरलाय."

"काय धरलायस?"

"तुमचाच. बगनाऱ्याचा."

मागे सोनूबाई उभी होती, पदर खोचून. हातात तुझं पत्र, वॉरंट घेऊन आल्यासारखी. मी तिला रीतसर समजावलं की हा नियम फक्त इस्राएलींना आहे, तुम्हाला कसलंही बंधन नाही. ती म्हणाली, "बंधन नाय ता कलला. मनाई हाय काय?"

सिपू, मी बाबांची सगळी पुस्तकं काढून बसलो. दुपारपर्यंत शोधलं. मनाई कुठेही नाही.

मला वाटलं, बसतील तासभर आणि जातील. ही माणसं म्हणजे दहा वाजता केळं खाऊन उपास करणारी, असं मी मनात म्हटलंही. पण भिकाजी होडीवर गेला तो पाण्याची बाटली घरी ठेवून. धाकू माडावर चढला. मी खाली उभा राहून ओरडलो, "अरे चक्कर येईल, उतर!" तर तो शेंड्यावरून म्हणतो, "तुमी जेवा काका, मी उतरतंय." वर शहाळ्यांत बसून तहानलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तरी मी हटलो नाही. तू मला ओळखतेस. संध्याकाळी तारे दिसले आणि आम्ही चौघांनी आपापल्या घरी सोडला. सोनूबाई जाता जाता म्हणाली, "उद्या परत हाव. नि शिमग्याला मुंबैकर येतायत, चाळीस काय चारशे होतील."

आणि बुधवारी सकाळी गंगुबाई आली. दोन्ही लेकांनी तिला खुर्चीसकट उचलून आणली आणि अंगणात फणसाखाली ठेवली. नव्वदीला टेकलेली म्हातारी. आपली आई आजारी असताना हिनेच तुला कडेवर घेऊन फिरवलं होतं. मी धावत गेलो. म्हटलं, "गंगूआये, तू कशाला? तू त्या वेळी खोलीत होतीस खरी, पण तुला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तू काय पाहिलंस?"

"आवाज ऐकला," म्हणाली. "येसरा, तुज्यापेक्षा माजे कान बरे हायत. तू रात्री झोपत नायस तो आवाज ऐकून, मला काय झोप लागली असंल?"

रात्रीचं मी फक्त तुला लिहिलं होतं, आणि तूही ते कोणाला सांगितलं नसणार. तिने नुसतं ओळखलं होतं. गेला महिनाभर माझ्या घरातला दिवा उशिरापर्यंत जळतो, आणि ती खिडकीशी झोपते.

ऊन वर आलं. मांडावर शिमग्याचे ढोल वाजत होते, सहाणेची पोरं येऊन बघून जात होती. मी सोनूबाईला म्हटलं, हिला पाणी दे. ती म्हणाली, तुमीच द्या. मी तांब्या भरून आणला. गंगुबाईने तो हाताने बाजूला केला. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, आणि बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती. म्हणाली, "तू खा, मंग मी पितंय. तुजा बाबा गेला त्या दिवशी तू जेवला नव्हतास. तवा पन मीच बसलेलं तुज्यासमोर."

सिपू, खरं लिहितो. बाबांच्या नियमाने मी मेलो असतो. नथनच्या परवानगीने वाचलो नसतो. तुझ्या पाया पडण्यानेही नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, तू लांब होतीस आणि मी पत्र घडी करून ठेवू शकत होतो. पण ती म्हातारी समोर होती. मी चाळीस उपास एकट्याने अंगावर घेतले, कारण गावात आपलं कोणी उरलं नाही असं धरून चाललो होतो. इतकी वर्षं तेच धरून चाललो आहे. एस्तेर गेल्यावर, मुलं इस्राएलला गेल्यावर, रोज सकाळी पश्चिमेकडे तोंड करून एकटाच उभा राहतो, आणि ज्या प्रार्थनेला दहा माणसं लागतात ती वगळून पुढे जातो. त्या दिवशी सेफेर माझ्या हातून पडलं तेव्हा खोलीत मी एकटा नव्हतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्याही काळजात काहीतरी पडलं असेल, हे मी विचारलंसुद्धा नाही. उलट 'तुमचं वेगळं' असं सोनूबाईच्या तोंडावर म्हणालो. त्याची मी तिची माफी मागितली आहे. ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे, पेज करतंय."

माझ्याच चुलीवर, माझ्याच टोपात तिने उकड्या तांदळाची पेज केली. आपली भांडी कोणती ते तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. सोबत बोयीचा सुका तुकडा भाजला. सगळं अंगणातच आणलं, कारण म्हातारीला माझ्यावर विश्वास नव्हता. म्हणाली, "आत नेऊन सांडून येतलो."

उरलेल्या उपासांचं काय, ते नथनने सांगितलं तसंच करतो आहे. रोज एक भाग वाचतो, मराठीतून अर्थ सांगत, मोठ्याने. शुक्रवारी पुरिमचा सण होता आणि यांची धुळवड. पुरिमच्या आधीचा एस्तेर राणीचा उपास गुरुवारी होता, तोही धरला नाही, उलट सोनूबाईकडची पुरणपोळी खाल्ली. अर्धीच. पालखी दारात आली तेव्हा दोघांनी येऊन माझी खुर्ची बाहेर काढून दिली. पेसाह झाल्यावर नथनला जरूर पाठव, आणि तुझा डॉक्टर सोडेल तेव्हा तूही ये. फणसाची फळी बसली आहे. सेफेर हेखालमध्ये परत ठेवायचं आहे आणि या वेळी मी ते एकटा उचलणार नाही.

पण पेजेचं सांगायचं राहिलं.

वाटी हातात घेतली. पहिल्या घोटाआधी सवयीने अन्नाच्या आभाराची बेराखा सुरू केली. इतकी वर्षं ती पुटपुटतच म्हणतो, घरात ऐकणारं कोणी नाही म्हणून. त्या दिवशी सगळे समोर टक लावून बसलेले, म्हणून आवाज आपोआप चढला. मलिद्याला येऊन येऊन यांना एवढं ठाऊक आहे की असं काही म्हटलं की शेवटी उत्तर द्यायचं असतं. शेवट कुठे येतो ते ठाऊक नाही. मी अर्ध्यातच होतो, देवाचं नाव तेवढं घेतलं होतं, तोच अख्खं अंगण ओरडलं, "आमेन!" भिकाजी, धाकू, सोनूबाई, आणि सगळ्यांत मोठ्याने गंगुबाई, त्या कोरड्या घशाने.

बेराखा संपायच्या आधी म्हटलेलं आमेन आपल्या नियमात धरत नाहीत. मी धरलं. उरलेली बेराखा पूर्ण केली आणि पेज प्यालो.

तुझा,
दादा